उंबऱ्याबाहेरची केंजे

माझी धाकटी जाऊ केंजेगुल नवरी होऊन आमच्या घरात आली, तेव्हा रिवाजाप्रमाणे तिला पडद्याआड बसवलं होतं. नव्या नवरीने तिथे मान खाली घालून बसायचं, आल्यागेल्याने पडदा सारून तिचं तोंड बघायचं, आशीर्वाद द्यायचा आणि चहाकडे वळायचं. माझ्या वेळी मीही तशीच बसले होते. मला तर त्या उबेत डुलकी लागली होती. केंजे दुपारपर्यंत कशीबशी टिकली. मग पडद्याआडून दबक्या आवाजात मला हाक आली, "एजे, तो चहाचा समोवर केव्हाचा खळखळतोय. कोणी बघतंय का? मी उठू?"

मी म्हटलं, बस गप. पण ती उठलीच. डोक्यावरचा पांढरा रुमाल सावरत पाहुण्यांच्या मधून गेली, समोवरातले निखारे कमी केले आणि परत येऊन मान खाली घालून बसली. बायका तोंडावर हात धरून हसल्या. आमच्या सासूबाई, बुबुश आपा, तेवढ्या हसल्या नाहीत. संध्याकाळी भांडी आवरताना त्या मला म्हणाल्या, "तालायने बायको नाही आणली, सोनुन. वारा आणलाय घरात. आता दारं-खिडक्या सांभाळ."

सोनुन म्हणजे मी; एजे म्हणजे आमच्याकडे ताई. डोंगरातल्या नारिन गावात, नदीच्या काठाकाठाने जो एक लांबच लांब रस्ता जातो, त्याच्या वरच्या टोकाला आमचं घर. एका अंगणात दोन बिऱ्हाडं, मध्ये कोळशाची खोली. माझा नवरा ओरोझ पाणीपुरवठ्यात, धाकटा दीर तालाय खाणीतून कोळसा आणणाऱ्या ट्रकवर. मी बालवाडीत स्वयंपाकीण होते. मोठ्या पातेल्यात लापशी ढवळण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. मी सावकाश माणूस.

केंजेचं उलट. तिच्या पायाला भिंगरी. जेवतानासुद्धा ती एक गुडघा उभा ठेवून बसायची, कधीही उठता यावं म्हणून. आधी तिने लोकरीचे जोडे केले. ते चांगले जमले, लोक मागू लागले, आणि तिचा त्यातून जीव उडाला. मग केक. क्रीमचे हंस असे हुबेहूब काढायची की पोरं त्यांना हात लावायला घाबरत. तेही सुटलं. मग बायकांच्या पापण्यांवर खोट्या पापण्या चिकटवायचं शिकून आली, त्यात एका शिक्षिकेचा डोळा दोन दिवस उघडेना. आपा म्हणायच्या, एक ना धड, भाराभर चिंध्या. पण मी जवळून बघत होते, ती अपयशाने काही सोडत नव्हती. जमलं की सोडायची. जमलेल्या कामाकडे ती अशी बघायची, जशी एखादी बाई धुवून वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघते. झालं की, आता काय?

एका वसंतात ती लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासायला लागली. तिथून एके दुपारी ती छातीशी फुलांचा हा एवढा भारा घेऊन आली. गुलाब, लिली, आणखी कसली कसली. हॉलच्या मागे कचऱ्याच्या पिंपात पडलेली.

आमच्याकडे फुलं राजधानीहून, बिश्केकहून येतात. घाटावरून, गाडीच्या मागच्या सीटवर, वर्तमानपत्रात गुंडाळून, तिकीट काढलेल्या पाहुण्यासारखी. बर्फात गाडी अडकली तर काळी पडतात. माणसं ती हौसेने घेतात, फोटो काढतात, आणि दुसऱ्या दिवशी पाणी बदलायलाही कोणी नसतं.

"एजे, बघा," ती म्हणाली. "अजून जिवंत आहेत आणि फेकून दिली."

आपा स्टोव्हजवळून म्हणाल्या, "उद्या मरतीलच की. फुलं ती."

"मग काल आणली कशाला?"

आपांनी कोळसा कमी आहे असं सांगून तिला अंगणात पिटाळलं.

फोनवर तिने कुणा परदेशी बाईला फुलं काचेसारख्या चिकात बुडवताना पाहिलं होतं. त्याला रेझिन म्हणतात. दोन बाटल्या असतात, दोन्हींतला द्रव ठरलेल्या मापाने एकत्र करायचा, ढवळायचा, साच्यात ओतायचा. मग तो आपोआप दगडासारखा घट्ट होतो आणि आतलं फूल आहे तसं राहतं. असं ती बाई म्हणत होती. केंजेने बाटल्या मागवल्या आणि पहिला ताजा गुलाब त्यात बुडवला. आठवड्याभरात तो शिजवलेल्या कलेजीसारखा दिसायला लागला. फुलात पाणी होतं, ते आतच कुजलं.

मग कळलं की आधी फूल पूर्ण वाळवायचं, तेही आकार न बिघडवता, कोरड्या बारीक कशात तरी पुरून. घरात बारीक आणि कोरडं काय, तर रवा. आपांनी सकाळी लापशीसाठी रव्याचा डबा उघडला, तर आत गुलाबाची मुंडकी.

"आता या घरात फुलं पुरतात आणि माणसं उपाशी राहतात," आपा डबा हातात घेऊन अंगणभर सांगत फिरल्या.

"पुरत नाही आपा, वाळवतेय," केंजे मागून म्हणाली. "आणि लापशीला वास चांगला येईल."

नंतर तिने मांजराच्या शीसाठी वापरतात ते पांढरे खडे मागवले, ते ओल फार छान ओढतात. गोणी मिनीबसने यायची. ड्रायव्हर दरवेळी विचारायचा, मांजर कसं आहे? आमच्याकडे मांजर नव्हतं. केंजे सांगायची, खाऊन खाऊन बैलाएवढं झालंय.

हिवाळ्याने तिला खरं छळलं. रेझिनला ऊब लागते, आणि आमच्याकडे थंडीत वीज कधी जाईल याचा नेम नाही. वीज गेली की साच्यातला माल मधासारखा चिकट राहायचा, धड पातळ नाही, धड घट्ट नाही. मग ती साचे खोक्यात घालायची आणि खोकं आपांच्या रजयांच्या चळतीत खुपसायची. त्या रजया म्हणजे आपांची इभ्रत, पाहुण्यांशिवाय कोणाला मिळत नसत. एकदा तिने घाई करून एका खोल साच्यात सगळं रेझिन एकदम ओतलं. ते स्वतःच्याच उष्णतेने तापलं, त्यातून धूर निघाला आणि मधोमध तडकलं. रजईला पडलेलं भोक आपांनी येईल त्याला दाखवलं.

ओतल्यावर साच्याला हात लावायचा नाही, हा नियम तिला पाळता येत नसे. दर थोड्या वेळाने झाकण उघडून बघायची. कधी धूळ पडायची, कधी तिचाच केस. मी विचारायची, अगं, बघून ते लवकर सुकणार आहे का? ती म्हणायची, नाही, पण न बघता मी सुकून जाईन.

हळूहळू जमायला लागलं. कुरणातली रानफुलं घातलेले कानातले डूल, बांगड्या, सोन-कुल सरोवराच्या वाटेने जाणाऱ्या परदेशी पाहुण्यांनी घेतले. मग गावातल्या बायका आल्या. कोणाला मुलीच्या पाठवणीचा गुच्छ हवा, कोणाला निवृत्त होणाऱ्या मास्तरणीला मिळालेली फुलं. कोळशाच्या खोलीचा अर्धा भाग तालायने भिंत घालून तिला दिला, स्टोव्ह बसवला. आम्ही सगळे वाट बघत राहिलो, आता हिला कंटाळा येणार. आला नाही. मी एकदा विचारलंच.

"यात दरवेळी काहीतरी बिघडतं, एजे," ती म्हणाली. "दोनदा सारखं होतच नाही. कंटाळायला वेळ कुठे मिळतो?"

तिचं नाव झालं ते झार्किनच्या मुलीच्या गुच्छाने. झार्किन बाजाराजवळ पडद्यांचं दुकान चालवते, तालेवार बाई. तिच्या आइझिरेकची पाठवणी जूनमध्ये झाली, पांढऱ्या पेओनीची फुलं घाट ओलांडून आली होती, एकेक वाडग्याएवढं. झार्किनला तो अख्खा गुच्छ एका ठोकळ्यात हवा होता. केंजेला महिनाभर घास गोड लागला नाही. थोडं ओतायचं, घट्ट होऊ द्यायचं, पुन्हा थोडं ओतायचं. शेवटी साचा उघडला, तेव्हा तंदूरच्या मोठ्या रोटीएवढा तो गोल ठोकळा असा निघाला की आपांनी चष्मा लावला, हाताने चाचपून बघितला आणि म्हणाल्या, "फुलं मेलीत हे यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही." आपांच्या तोंडून कौतुक म्हणून एवढंच निघत असे.

त्यानंतर कामाला अंत राहिला नाही. आणि त्याच सुमारास केंजेच्या बोटांना खाज सुटू लागली. हातमोजे घाल म्हटलं, तर म्हणायची, मोज्यात बोटांना कळत नाही. रात्री हाताला लोणी चोळायची, सकाळी पुन्हा ओतायला बसायची. मनगटावर लाल चट्टे होते, ते ती बाहीखाली लपवायची.

पहिला बर्फ पडून गेल्यावर एक दिवस आइझिरेक आली. एकटीच, हातात जड पिशवी. नवऱ्याचं घर सोडून ती आईकडे परत आली होती, हे गावाला माहीत होतं, का ते कोणाला माहीत नव्हतं. तिने पिशवीतून ठोकळा काढून टेबलावर ठेवला.

"हे मोडून द्या," ती म्हणाली.

केंजेने तिला चहा दिला, पुढे तळलेले बोर्सोक ठेवले. मग विचारलं, "आईला विचारलंस?"

"आईने ते टीव्हीच्या शेजारी ठेवलंय. मी जेवायला बसले की समोर. म्हणते, दिवस फिरतील, परत जाशील, तोवर राहू दे. मी कापडाने झाकलं, तर तिने कापड धुवायला टाकलं." तिने ठोकळा पलीकडे ढकलला. "साधी फुलं असती तर एव्हाना संपली असती."

मला वाटलं होतं केंजे नाही म्हणेल. इतकी हौसेने केलेली वस्तू. पण ती उठली, ठोकळा उचलला आणि बाहेर अंगणात गेली. तालाय घरी होता. त्याने कोळसा फोडायच्या ओंडक्यावर ठोकळा ठेवून कुऱ्हाड घातली. कुऱ्हाड घसरली, ठोकळ्यावर नुसता पांढरा ओरखडा उठला. पुन्हा घातली, ठोकळा उडून कुत्र्याच्या ताटात जाऊन पडला. आइझिरेक म्हणाली, जाळू या. केंजे म्हणाली, त्याचा धूर विषारी, गाव गोळा होईल. नदीत टाकायचं तर वसंतात पाणी उतरल्यावर कुणाच्या तरी पोराला सापडायचं, पुन्हा तुझ्याच आईकडे यायचं.

शेवटी तालायने लोखंड कापायची करवत काढली. त्याला खाणीवर जायचं होतं, तेव्हा तो दोन चकत्या कापून गेला. उरलेला सगळा ठोकळा केंजेने कापला, दार लावून, तोंडाला काही न बांधता, दुपारभर. मी मध्ये डोकावले तर आत पिठाच्या गिरणीसारखी पांढरी धूळ. तिच्या भुवया, पापण्या, केस सगळं पांढरं. तिला म्हटलं, पुरे, उद्या कर. ती म्हणाली, ही पोरगी उद्यापर्यंत कशी थांबेल?

चकत्या टेबलावर मांडल्या, तर त्यात गुच्छ कुठे दिसेना. पाकळ्या आडव्या कापल्या गेल्या होत्या, नुसती पांढरी वर्तुळं. आइझिरेकने एक उचलून उजेडात धरली.

"कांदा चिरल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली आणि हसली. मग हसता हसता रडली. केंजे तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, पण तेव्हाही तिचा दुसरा हात टेबलावरची धूळ गोळा करत होता. चकत्या नकोत म्हणून पोरगी रिकामी पिशवी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालायची हाक आली. मी धावत गेले. केंजेचा चेहरा सुजून असा झाला होता की डोळ्यांच्या जागी दोन चिरा. मान लाल, हातांवर पाणी भरलेले फोड. आणि नेमकी त्याच वेळी झार्किन अंगणात येऊन उभी.

"माझ्या वस्तूला हात लावायचा अधिकार तुला कोणी दिला?" तिने दारातूनच सुरुवात केली. मग आत आली आणि केंजेचं तोंड बघितलं.

केंजे न दिसणाऱ्या डोळ्यांनी तिच्याकडे तोंड करून म्हणाली, "वस्तू तुमची होती, झार्किन एजे. फुलं तिची होती."

झार्किन खाली बसली. मी चहा दिला, तो तिने सगळा प्यायला. जाताना आपांना एवढंच म्हणाली की हिला बिश्केकला न्या, इथल्या दवाखान्याच्या भरवशावर राहू नका. तिनेच ओळखीच्या माणसाची गाडी पाठवली.

बिश्केकच्या डॉक्टरीणबाईंनी फार वेळ लावला नाही. त्या म्हणाल्या, रेझिन काही माणसांच्या अंगाला थोडंथोडं करत कायमचं वैरी होतं. एकदा झालं की झालं. मोजे घालून नाही, मास्क लावून नाही, त्याच्या वासाच्या खोलीतही जायचं नाही. पुढच्या वेळी सूज घशात उतरू शकते. केंजेने विचारलं, किती दिवस? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी दिवस सांगितले नाहीत.

परतीच्या वाटेवर घाटात गाडी थांबली, तेव्हा केंजे बँडेज बांधलेले हात मांडीवर ठेवून मला म्हणाली, "आयुष्यभर काहीच धरून ठेवता आलं नाही, एजे. एक धरलं, तर हातच फुटले."

मी तिच्या खांद्यावरची शाल नीट केली.

तो हिवाळा आम्हाला सगळ्यांना जड गेला. तिचे हात बरे होत होते आणि ती घरात कोंडलेल्या लांडग्यासारखी फेऱ्या मारत होती. स्टोव्हपासून दारापर्यंत, दारापासून स्टोव्हपर्यंत. मध्येच उठून पलीकडच्या रेझिनच्या खोलीच्या बंद दाराशी जाऊन उभी राहायची. आत घेतलेली कामं पडून होती, मार्चमधला बायकांचा सण जवळ आला होता, लोक निरोप पाठवत होते. तालाय म्हणाला, सगळ्यांना त्यांची फुलं परत देऊन टाक, केकचं पुन्हा सुरू कर. त्यावर ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

मग एका सकाळी ती माझ्या दारात आली. "एजे, तुम्ही ओता."

मी म्हटलं, अगं, मी लापशी ओतणारी बाई. ती म्हणाली, "लापशीला गाठी होऊ न देता इतकी वर्षं ढवळलीत ना? हेही तसंच. सावकाश ढवळायचं. मला तेच कधी आलं नाही."

मी मोजे घातले, लांब बाह्यांचा डगला, तोंडावर मास्क. खिडकी थोडी उघडी ठेवली. केंजे बाहेर अंगणात, बर्फात, काचेच्या पलीकडे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी तेव्हा अनुभवलं.

"डावीकडून, डावीकडून! भांड्याच्या कडा खरवडा. आता थांबा. थांबू नका, ओता. बारीक धार. देवा, तुम्ही झोपलात का?"

"तू ओरडलीस की माझा हात हलतो."

"मग हलवू नका."

"मग ओरडू नकोस."

पहिल्या दिवशी मी तिच्याकडे पाठ करून बसले. दुसऱ्या दिवशी तिने खिडकी वाजवली. तिसऱ्या दिवशी आम्ही भांडलो, अगदी खरं भांडलो. ती म्हणाली, मी तिचं काम बिघडवते आहे. मी म्हटलं, मग दुसरी शोध, मला बालवाडीत पोरं वाट बघतायत. आपा मध्ये पडल्या, म्हणजे मध्ये पडून दोघींनाही बोलल्या.

आणि ज्याची मला धास्ती होती, ते झालं. एका बांगडीत निळं जेंशियन फूल कलंडलं होतं. रेझिन अजून ओलं. मी चिमट्याने सरळ करत होते, जमत नव्हतं. केंजे खिडकीतून बघत होती, सांगत होती, चिमटा खाली घ्या, देठाला धरा. मी चुकीचा देठ धरला. दार धाडकन उघडलं, ती आत आली, माझ्या हातातला चिमटा बाजूला सारला आणि फूल सरळ केलं. उघड्या बोटांनी. फूल खरंच सरळ झालं. तिने माझ्याकडे बघितलं, तिच्या चेहऱ्यावर असं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं. आणि मग ती खोकायला लागली.

अंगणापर्यंत पोचेतो तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. ओरोझने तिला उचलून शेजाऱ्याच्या गाडीत टाकलं. रुग्णवाहिकेची वाट बघायला वेळ नव्हता. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर बऱ्याच वेळाने तिच्या ओठांचा निळेपणा गेला. मी बाहेर बाकावर बसले होते, हातात अजून ते मोजे. आपा माझ्या शेजारी येऊन बसल्या, मोजे काढून त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवले.

केंजे घरी आल्यावर आपांनी आपलं बुटकं स्टूल उचललं, त्या खोलीच्या दाराशी नेऊन ठेवलं आणि त्यावर बसल्या. मांडीवर मेंढ्या हाकायची काठी. लोकर कातायला तिथे, चहा प्यायला तिथे. केंजे अंगणात दिसली की काठी आडवी.

"आपा, मी नुसती बघतेय."

"बघ की. तिकडून बघ."

"तुम्ही मला मारणार आहात का?"

"मरण्यापेक्षा मार खाल्लेला बरा."

उन्हाळ्यापर्यंत तालायने कोपऱ्यावरची बंद पडलेली पावाची भट्टी भाड्याने घेतली. आमच्या अंगणात रेझिनचं काही राहायला नको म्हणून. तिथे धूर जायला मोठं धुराडं होतं आणि समोर रुंद काच. मी बालवाडी सोडली. आणखी दोन बायका हाताखाली आल्या, मीच त्यांना शिकवलं, आणि पहिल्या दिवशी मोज्यांशिवाय बाटलीला हात लावणारीला घरी पाठवलं. केंजेकडे फुलं आली. वाळवणं तिचं, निवडणं तिचं, विकणं तिचं. वसंतात बर्फ वितळला की ती तालायच्या ट्रकमध्ये चढते. खाणीच्या वाटेवर कुठे तरी उतरते, कुरणांवरच्या तंबूंत राहते. तिथल्या बायकांनाही तिने वाळवायला शिकवलं आहे. दुर्मिळ म्हणून ज्या फुलांना हात लावायची बंदी आहे ती ओळखते, आणि कोणी ती तोडून आणली तर अख्ख्या कुरणाला ऐकू जाईल असं बोलते. बिश्केकच्या दोन दुकानांत आमचा माल जातो. तोही तिनेच हिंडून हिंडून लावला. धंदा वाढला, हे खरं.

पण लोक म्हणतात तसं, तिला तिचं काम सापडलं, ती शांत झाली, असं काही झालं नाही. हिंडायला मिळतं म्हणून ती खूश असेल असं वाटलं होतं. ती म्हणते, जायचं म्हणून जाणं वेगळं आणि आत येता येत नाही म्हणून जाणं वेगळं. तिच्या हातांवर खुणा आहेत, कातडी पातळ आणि चकचकीत. कधी कधी बोलता बोलता तिची बोटं हवेत काहीतरी सरळ करत असतात.

आइझिरेक बिश्केकला शिकायला गेली. झार्किन अजून आमच्याकडे येते, पण गुच्छ आणत नाही. मागच्या वर्षी आपा गेल्या. जायच्या आदल्या आठवड्यापर्यंत त्यांचं ते स्टूल भट्टीच्या दाराशी होतं.

परवा केंजे वरून आली. ट्रकमधून खोकी उतरवली. काचेबाहेर उभी राहिली, कपाळ काचेला टेकवून. तिच्या गालांवर उन्हाने भेगा पडलेल्या, बुटांना शेण. नव्या हारातला एक दाणा उजेडात धरा म्हणाली. मी धरला.

"बुडबुडा आहे," ती काचेपलीकडून म्हणाली.

"बुडबुडा नाही, पाकळीची घडी आहे."

"एजे, मी आंधळी नाही. पाकळीखाली, उजवीकडे."

मी भिंगाखाली बघितलं. उजवीकडे, पाकळीखाली, मोहरीएवढा बुडबुडा होता. मी मान हलवली. ती हसली, मग एकदम तिचा चेहरा बदलला आणि ती वळून रस्त्यावर दोन-तीन फेऱ्या मारून आली. परत आल्यावर तिने विचारलं की आत-बाशी गावाच्या पलीकडे कोणी काचेत फुलं कोरतं असं ऐकलंय, काचेने अंगाला काही होत नाही ना? मी म्हटलं, कापतं. ती म्हणाली, कापलेलं भरतं.

मी तिला घरी चहाला चल म्हटलं. तिने वाटीतला अर्धा चहा उभ्या उभ्याच प्यायला. तालायने हॉर्न वाजवला. वरच्या कुरणावर अजून थोडी उशिराची फुलं आहेत, बर्फ पडायच्या आत आणायला हवीत, असं सांगून ती निघाली. दारापर्यंत गेल्यावर मागे वळून म्हणाली, "तो दाणा विकू नका. फोडून टाका." मग थांबून म्हणाली, "फुटत नाही, माहीत आहे. बाजूला ठेवा."

मी भट्टीत परत येऊन नव्या बाटल्या स्टोव्हजवळ कोमट व्हायला ठेवल्या आणि मोजे घातले.